पिट स्टॉप : लाखनी

‘भंडाऱ्याला चाललोय’ असं ऑफिसात सांगितलं की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली, ‘येळकोट येळकोट!’ दुसरी, ‘कुठल्या मंदिरात रे? आम्हालाही ने की जेवायला!’ बॉस, भंडारा नावाचा एक अख्खा जिल्हा आहे. नागपूरच्या पलीकडे, छत्तीसगडच्या अलीकडे. पितळेची भांडी, धानाची शेती आणि मोजता मोजता दमाल इतकी तळी. त्या जिल्ह्यात हायवेला चिकटून लाखनी नावाचं तालुक्याचं गाव आहे आणि ते माझं आजोळ आहे.

गेल्या हिवाळ्यात मी तिथे माझी गाडी घेऊन गेलो. कोणती गाडी, हा तुमचा पुढचा प्रश्न. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की निम्मे वाचक ‘त्यापेक्षा अमुक घ्यायची होतीस’ म्हणून भांडायला येतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. सेकंड हँड, पेट्रोल, मॅन्युअल, फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, एवढं पुरे. सोमवार ते शुक्रवार ती मला हिंजवडीला नेते आणि वर्षातून दोनदा कोइमतूरला.

कोइमतूरला कशाला? तिथे कारी मोटर स्पीडवे आहे. २००३ मध्ये सुरू झालेला, २.१ किलोमीटरचा ट्रॅक. मारुतीच्या इंजिनांवर पळणाऱ्या, आपल्या देशाच्या खिशाला झेपतील अशा सिंगल-सीटर रेसिंग कार्स बनवणाऱ्या एस. कारिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक त्याहून जुना, १९९० चा, आणि मोठा, ३.७ किलोमीटरचा. त्याच्याही आधी शोलावरमला विमानांच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. ‘ट्रॅक डे’ म्हणजे मात्र शर्यत नव्हे. फी भरायची, हेल्मेट घालायचं आणि स्वतःची गाडी पंधरा-वीस मिनिटं जीव तोडून चालवायची. बक्षीस नाही, ट्रॉफी नाही, फोटो काढायला मित्र लागतो. संध्याकाळी त्याच गाडीत बसून हजाराहून जास्त किलोमीटर घरी यायचं. हे शेवटचं वाक्य नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पुण्याहून लाखनी म्हणजे छत्रपती संभाजीनगरपर्यंत जायचं, तिथून समृद्धी पकडायची आणि नागपूर गाठायचं. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे, ५ जून २०२५ ला पूर्ण सुरू झाला, कारसाठी कमाल वेग १२०. टायरची परीक्षा बघणारा असा रस्ता नाही. सरळसोट काँक्रीट, तासन् तास एकच वेग आणि उन्हाळ्यात वरून विदर्भाचं ऊन. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर २०२३ मध्ये परिवहन विभागाने या रस्त्याच्या तोंडाशी टायर तपासायला सुरुवात केली होती आणि गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवलं होतं. लोक जाम चिडले होते. मला तर आनंद झाला होता. ट्रॅकवर गाडी उतरवण्यापूर्वी हेच करतात.

टायरचा फंडा ट्रॅकवर लवकर कळतो. गरम झाला की आतली हवा फुगते आणि प्रेशर पाच-सहा पीएसआयने सहज वाढतं. म्हणून ट्रॅकवर थंड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवून निघतात, बाहेर आल्या आल्या गरम असतानाच मोजतात आणि जास्तीची सोडून देतात. पण हे ऐकून हायवेवर हवा कमी करणारे महाभाग मी पाहिलेत. हायवेवर उलटं असतं. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत सतत दुमडत राहते, तापते आणि तोच टायर फुटतो. रस्त्यावर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कंपनीने छापलेला आकडा, बस्स. आणि टायरवर ‘डीओटी’ या अक्षरांच्या पुढे शेवटी चार आकडे असतात तेही बघत जा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सेकंड हँड गाडी घेताना ‘टायर नवीनच आहेत साहेब’ म्हणणाऱ्याची विकेट याने झटक्यात पडते.

नागपूर सोडलं की जुना सहा नंबरचा हायवे, आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३. गुजरातेतल्या हजिऱ्याहून ओडिशातल्या पारादीपपर्यंत जाणारा. याच रस्त्यावर अमरावती ते अकोल्यादरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड केलं होतं. लाखनीच्या बाजूला असले विक्रम नाहीत. मौदा, मग भंडारा, मग वैनगंगेचा रुंद पूल. पूल ओलांडला की हवा बदलते. कापलेल्या धानाची खुंटं, बांधावरची झाडं, मध्येच चकाकणारं तळं, रस्त्याकडेला उकडलेले शिंगाडे विकणाऱ्या बाया. नागपूरपासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर झाले की लाखनी. आता गावावरून उड्डाणपूल गेलाय. त्यामुळे रायपूरला जाणाऱ्या ट्रकवाल्याला लाखनी कधी आलं आणि गेलं ते कळतही नाही. लहानपणी एसटीतून उतरलं की मामाचा हात धरून हाच रस्ता ओलांडताना पोटात गोळा यायचा.

जरा मॉडिफिकेशनचं बोलू. आपल्याकडे गाडी ‘मॉडिफाय’ करायची म्हणजे सुरुवात मागून होते. सायलेन्सर! मग एअर फिल्टर, मग ईसीयूचं रिमॅप, मग बॉनेटवर पट्टे. माझ्या एका मित्राने हे सगळं याच क्रमाने केलं. अप्रायझलचा पूर्ण बोनस त्यात घातला आणि आम्ही एकत्र ट्रॅकवर गेलो. तिसऱ्या लॅपला सरळ पट्टीच्या शेवटी त्याने ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेलं, ओल्या स्पंजवर पाय ठेवावा तसं. पुढे नशिबाने मोकळं गवत होतं. गाडी थांबली, तो उतरला आणि दहा मिनिटं काही बोललाच नाही. नुकतीच मुलगी झाली होती त्याला.

झालं काय होतं? ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची हीच जोडी २३० आणि १५५. ट्रॅकवर दर वळणाला शंभरवरून पन्नासवर यायचं म्हणजे डिस्क तापते, तिची उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून फ्लुइडमध्ये जाते. उकळलं की बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल खाली आणि गाडी पुढे. बोनस घालून वाढवलेल्या ताकदीने त्याची गाडी त्या वळणाला जास्त वेगात पोचली, एवढाच काय तो फायदा.

त्यामुळे माझ्या गाडीत घातलेल्या वस्तूंची यादी अगदीच बोअर आहे. ताजं डॉट ४, ते वर्षातून एकदा आणि ट्रॅकला जाण्यापूर्वी बदलायचं. जास्त तापमान सोसणारे ब्रेक पॅड, जे थंड असताना सोसायटीच्या गेटवर असे किंचाळतात की वॉचमन आता ओळखून गेट उघडतो. बऱ्यापैकी टायर. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यातच बदलायचं आणि पातळी रोज बघायची, कारण लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं आणि पातळी कमी असली तर पंप हवा खेचतो. एक टॉर्क रेंच, प्रत्येक सेशननंतर चाकांचे नट तपासायला. मोकळी बूट स्पेस. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, ट्रॅकवर सगळं बाहेर. सुटलेली बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली तर डॉट ४ काय कामाचं? आणि सर्वांत जास्त पैसे गेले ते शिकवणाऱ्याच्या फीमध्ये. हे मॉडिफिकेशन दिसत नाही, विकताना त्याचे पैसेही येत नाहीत.

कायद्याचंही सांगून टाकतो. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी जुळणार नाहीत असे बदल गाडीत करता येत नाहीत. आणि तुमची इन्शुरन्स पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचा. शर्यत, वेगाची चाचणी वगैरे त्यातून वगळलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर जे वाकेल ते तुमच्या पगारातून सरळ होणार.

तर लाखनी. धान घरात आलं, कामं उरकली की या पट्ट्यात दोन गोष्टींचा सीझन सुरू होतो. शंकरपट आणि नाटक. शंकरपट म्हणजे बैलांच्या जोड्यांची शर्यत. हलका छकडा, दोन बैल, त्यावर उभा धुरकरी आणि समोर सरळ धावपट्टी. काही सेकंदांचा खेळ, बघायला पंचक्रोशी. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक. रात्री दहा-साडेदहाला पडदा उघडतो तो पहाटेच मिटतो. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, तरी परवानगी मिळायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. आता बैलांची तपासणी होते, पराणी टोचायला आणि मारझोडीला बंदी आहे, पट्टीच्या लांबीलाही मर्यादा आहे. बंदीच्या काळात प्राण्यांची बाजू घेऊन मी घरात वाद घालायचो. त्या बाजूत तथ्य होतंच, नाहीतर हे नियम आले नसते.

मामा मात्र त्या साडेसात वर्षांत दोन बैल सांभाळून होते. पट नाही, बक्षीस नाही, शेतात नांगराला ट्रॅक्टर आलेला. कोठ्यात, म्हणजे आपल्याकडच्या गोठ्यात, दोन जनावरं नुसती उभी. सरकीची ढेप, चुनी, धानाचं तणीस, सगळा खर्च चालू. मामी म्हणायची, विकून टाका. मामा रोज पहाटे बैलांना तळ्याच्या पाळीपर्यंत फिरवून आणायचे. त्यातला एक म्हातारा होऊन गेला. आताची जोडी नवी, दुसऱ्या हंगामातली.

तालुक्यातल्याच एका गावात पट होता. पहाटे निघालो. मामांनी बैल आदल्या दिवशीच टेम्पोने नेऊन ठेवले होते, रात्री ते त्यांच्याजवळच झोपले. मी पोचलो तेव्हा धुकं होतं आणि मामा जोडीला संथ चालवत होते. वॉर्म-अप लॅप! मला एकदम ओळखीचं वाटायला लागलं. मग लक्ष देऊन बघत बसलो. धावून आलेली जोडी कुणीही लगेच खुंट्याला बांधत नाही. लांबवर चालवत नेतात, श्वास खाली बसू देतात, पाणी नंतर. ट्रॅकवर शेवटची फेरी ब्रेक न लावता संथ मारतात आणि गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढत नाहीत, गिअरमध्ये ठेवतात. तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून बसतो, तिथे छाप पडते आणि मग स्टिअरिंग थरथरतं.

आणि जोडी! मला वाटायचं सर्वांत वेगवान बैल ज्याचा तो जिंकणार. मामा हसले. म्हणाले, “एक बैल लई पळते न् दुसरा मागं राहते, त छकडा वाकडा जाते, बाबू. सारखे पाहिजेत.” डावा-उजवा सारखा. एका ॲक्सलवर दोन वेगळे टायर, किंवा एका बाजूचा ब्रेक जास्त धरणारा, की गाडी अशीच तिरपी ओढते.

आमच्या जोडीचा नंबर साडेअकराच्या सुमाराला होता. फी भरलेली, पाहुणे आलेले. माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याने कॉलेजचे दहा-बारा मित्र आणले होते, सगळ्यांचे मोबाइल तयार. मामांनी छकडा जुंपण्यापूर्वी खाली बसून आठही खुरांवरून हात फिरवला. उजव्या बैलाच्या पुढच्या एका खुरावर हात थांबला. परत डाव्या पायाचं खूर बघितलं, परत हे. मग उठले आणि म्हणाले, “आज नाय.”

बैल लंगडत नव्हता. डॉक्टरांनी सकाळी बघितलं होतं, तेव्हा सगळं ठीक होतं. मामेभाऊ चिडला, दोन-चार शेजारी समजूत घालायला आले, ‘एवढ्यानं काय होते, आठ-दहा सेकंदाचं तं काम हाय.’ कुणीतरी मागून ‘भेला’ म्हणालं. मामांनी ऐकलं. त्यांचं तोंड पडलं, पण हात जू सोडवत राहिला. मला म्हणाले, “एक खूर दुसऱ्याहून गरम हाय. बैल बोलत नाय, पाहा लागते.”

दुपारी बैल टेम्पोने घरी गेले. मी गाडी घेऊन लाखनीला आलो आणि हायवेलगत चहाला थांबलो. ते ‘एक दुसऱ्याहून गरम’ डोक्यात होतंच. माझ्या डॅशबोर्डमध्ये एक टेम्परेचर गन असते. कोविडमध्ये कपाळावर धरायचे तसली नव्हे, कारखान्यातली, तीन-चारशे अंश मोजणारी. ट्रॅकवर टायर आणि डिस्क बघायला घेतलेली. उतरून चारही चाकांवर मारली. मागची दोन्ही चाळिशीत. पुढचं उजवं ५८. पुढचं डावं ११९.

आतला रस्ता सरळ होता, ब्रेक जेमतेम दोनदा लावला होता. गाडी एका बाजूला ओढत नव्हती, आवाज नव्हता, डॅशबोर्डवर लाइट नव्हता. आणि दहा दिवसांनी मी कोइमतूरला जाणार होतो.

टपरीवाल्याने दाखवलेलं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, समोर दोन ट्रॅक्टर आणि धान मळायचं एक मशीन. मेकॅनिक माझ्याच वयाचा. त्याने चाक काढलं, कॅलिपर उचलला आणि आतला पॅड दाखवला, बाहेरच्याच्या जवळपास निम्मा उरलेला. कॅलिपर ज्यावर सरकतो त्या दोन पिना असतात. त्यातल्या खालच्या पिनेचं रबर तडकलं होतं, आत धूळ-पाणी जाऊन ग्रीसचा चिकट गोळा झाला होता. पिन जाम. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला थोडासा घासत राहणार. शहरात हे महिनोन् महिने कळत नाही, फक्त ॲव्हरेज थोडं कमी देते गाडी. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या लॅपला कळलं असतं.

त्याने पिन घासून स्वच्छ केली, भोक साफ केलं, जास्त तापमानाचं ग्रीस लावलं. रबर बूट त्याच्याकडे नव्हता, तो नागपूरहून मागवायला लावला आणि तोवरसाठी जुनाच नीट बसवून दिला. मजुरी दोनशे रुपये. मी पाचशे दिले तर तीनशे परत केले आणि टेम्परेचर गन कुठे मिळते ते मात्र लिहून घेतलं. पुण्यात माझी गाडी जिथे सर्व्हिस होते तिथे एसी लाउंज आहे, कॅपुचिनो मिळते आणि दोनच महिन्यांपूर्वीच्या बिलावर ‘ब्रेक्स चेक्ड’ असं छापलेलं आहे.

कोइमतूरचं बुकिंग मी पुढच्या तारखेला ढकललं. चारही पिना, चारही बूट आणि पुढचे पॅड बदलून झाल्याशिवाय जाणार नव्हतो. फी अर्धीच परत मिळाली. ग्रुपवर मित्रांनी यथेच्छ टिंगल केली.

संध्याकाळी मामेभाऊ आणि त्याची गँग गाडीभोवती जमली. त्यातल्या एकाच्या बाइकला असला सायलेन्सर की कोठ्यातले बैल दचकून उभे राहिले. ‘दादा, उड्डाणपुलावर एकदा दाखवा ना किती पळते.’ मी नाही म्हटलं. ‘रात्री रिकामाच राहते!’ रिकामा कुठे असतो? उताराला सायकली असतात, पाटी नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली असते, आणि पुलावर गवताचा मोकळा पट्टा नसतो. मी त्यांना माझी वही दाखवली. कुठल्या तारखेला किती किलोमीटरवर काय बदललं, कोणत्या टायरला किती प्रेशर, पॅड किती मिलिमीटर उरले. दोघं-तिघं लगेच कंटाळून गेले. बाइकवाला थांबला आणि त्याच्या मागच्या ब्रेकचं बघायला बसला. मामेभावाने वहीचा फोटो काढला, कशासाठी ते सांगितलं नाही.

रात्री नाटकाला गेलो तेव्हा मामा आले नाहीत. बैलाच्या पायाला शेक देत बसले होते. सकाळी निघताना खूर थंड होतं. मामा गाडीत पुढे बसले, तळ्याच्या पाळीपर्यंत सोड म्हणाले. जेमतेम दोन किलोमीटर, वेग तीस-चाळीस. उतरल्यावर वाकून डाव्या चाकाजवळ हात नेला, लावला नाही, नुसता जवळ धरला. मग उजव्या चाकाजवळ. “सारखे हायेत,” म्हणाले आणि पाळीवरून चालायला लागले.

तुम्हाला जायचं असेल तर हिवाळ्यात जा. पटाच्या तारखा गावोगाव वेगळ्या असतात, नागपूरला किंवा भंडाऱ्याला पोचलात की कुणालाही विचारा. नागपूरहून लाखनी दीड-दोन तास, एसटीही भरपूर. पुढे साकोलीवरून नागझिऱ्याचं जंगल जवळ आहे, तिथे जाणार असाल तर सफारीचं बुकिंग आधी करा. नाटकाला शाल न्या, पहाटे थंडी मी म्हणते. आणि परतीच्या आधी हवा मोजून घ्या, टायर थंड असताना.